घाटात काटा चढतो, नाक्यावर एसी गरम हवा टाकतो: जुन्या गाडीत आधी काय तपासायचं

विचारलेलं थोडक्यात असं. २०१०ची पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेली. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात एसी चालू असला की टेम्परेचरचा काटा पाऊणच्या वर जातो, एसी बंद केला की हळूहळू उतरतो. हायवेला एसी झकास, पण कराडात कोल्हापूर नाक्यावर पाच मिनिटं अडकलं की कोमट हवा. गेल्या दोन्ही उन्हाळ्यांत गॅस भरून झाला. मागच्या वर्षी गाडी तापली तेव्हा मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिनच्या पाण्याची रेडिएटरकडची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) काढून टाकला. तेव्हापासून अ‍ॅव्हरेज पडलंय आणि डिसेंबरात पहाटे हीटर लावला तर गार वाराच येतो. आता रेडिएटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही बदला असं सांगितलंय. बदलू का?

आत्ता लगेच नको. तक्रारी चार आहेत, पण मला त्यात दुखणी दोनच दिसतात. हीटर आणि अ‍ॅव्हरेज ही थर्मोस्टॅट काढल्याची फळं. घाटातला काटा आणि नाक्यावरचा एसी या दोन्हींचं मूळ बहुतेक गाडीच्या नाकाशी आहे, म्हणजे कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि रेडिएटर (इंजिनचं पाणी गार करणारी जाळी) यांमधून पुरेशी हवा जात नाहीये. रेडिएटर आतून चोंदलेला असूही शकतो, कॉम्प्रेसर थकलेला असूही शकतो, पण तुम्ही जे सांगितलंत त्यावरून यातलं काहीच सिद्ध होत नाही. मोठी बिलं इथेच फुगतात.

जुनी गाडी तापते म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारतो तो 'कधी' हा. उभी असताना तापते आणि पळायला लागली की निवते, तर फॅन आणि हवा बघायची. पळताना, चढाला, भार पडल्यावरच तापते आणि नाक्यावर तासभर उभी राहिली तरी ठीक असते, तर पाणी नीट फिरत नाहीये किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्यात. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा टणक होतो, तर हेड गॅसकेटचा (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलचा) संशय घ्यायचा. आणि काटा कधीही, कुठेही उड्या मारतो, मधूनच एकदम खाली पडतो, तर आधी पाण्याची पातळी, एअर लॉक (पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा) आणि सेन्सरची वायर बघायची. तुमच्या गाडीत भानगड अशी की घाटात भारही असतो आणि वेगही नसतो. दुसऱ्या गिअरमध्ये वीस-पंचवीसच्या वेगाने चढताना समोरून येणारा वारा नगण्य, सगळी मदार फॅनवर. म्हणून एकट्या घाटावरून निकाल लागत नाही. पण त्याला नाक्यावरच्या एसीची जोड दिली की बोट हवेकडेच जातं, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसलेला असतो आणि दोघं एकाच हवेवर जगतात.

तरीही एक गोष्ट सगळ्यांच्या आधी करा: हेड गॅसकेट शाबूत आहे याची खात्री. गाडी एकदा बऱ्यापैकी तापून गेलेली आहे. गॅसकेट गळत असेल तर नवा रेडिएटर, नवा पंप, सगळं पाण्यात. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा आणि चालू करून बघत राहा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण इंजिन गरम झाल्यावरही सोडावॉटरसारखे सतत बुडबुडे येत राहिले, किंवा रेस केल्यावर पाणी उसळून बाहेर येऊ लागलं, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. खात्री करायला निळ्या द्रावाची टेस्ट मिळते. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या द्रावातून ओढायची. पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा झाला की निदान पक्कं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसला म्हणून मात्र घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणाने जमतो. तुमच्याकडे थर्मोस्टॅटच नसल्याने इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे तसा फेस असण्याची शक्यता जास्तच. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालंय का ते बघा, तो खरा पुरावा.

आता थर्मोस्टॅट. 'हा थंड देशांसाठी असतो, आपल्याकडे लागत नाही, काढून टाकला की पाणी मोकळं फिरतं' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणार. ते चुकीचं आहे आणि महागही पडतं. थर्मोस्टॅटचं काम इंजिनला ठरलेल्या तापमानाला लवकर नेऊन तिथेच धरून ठेवणं हे आहे. त्याच्यावर आकडा ठोकलेला असतो, बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान. त्या तापमानाला तो उघडू लागतो आणि पुढच्या दहाएक अंशांत पूर्ण उघडतो. तो नसला की हायवेला, विशेषतः थंडीत, इंजिन ६०-६५ अंशांवरच रेंगाळतं. इंजिन अजून गार आहे असं समजून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं ते यामुळे. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, इंजिनची झीज वाढते. हीटरला तर गरम पाणीच मिळत नाही.

आणि याहून मोठी गंमत पुढे आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला एक छोटी चकती असते. वरची झडप उघडते तसतशी ही चकती बायपासचा रस्ता बंद करत जाते, म्हणजे गरम झालेलं सगळं पाणी रेडिएटरकडेच जावं. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाण्याला सोपी वाट मिळते आणि त्यातला बराचसा हिस्सा रेडिएटरला वळसा घालून तसाच परत इंजिनात येतो. सपाटीवर हे जाणवत नाही, उलट काटा खालीच असतो आणि मालक खूश. घाटात भार पडला की हीच गाडी आधीपेक्षा जास्त तापते. तुमच्या गाडीत अशीच रचना असेल तर 'गाडी थंड राहावी' म्हणून केलेला उपायच घाटातल्या दुखण्यात भर टाकतोय.

म्हणून पहिलं काम: तुमच्या मॉडेलचा, त्याच आकड्याचा चांगल्या कंपनीचा थर्मोस्टॅट आणि त्याची रबरी रिंग आणा. काही शे रुपयांचं काम आहे. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, दोऱ्याला टांगून, थर्मामीटर लावून उघडताना बघा. नवा थर्मोस्टॅटही सदोष निघू शकतो. त्याला एक छोटं भोक आणि त्यात हलणारी पिन असते, ती बाजू वर ठेवून बसवायचा, म्हणजे हवा निघून जाते.

बसवल्यावर पाणी भरताना हवा काढण्याकडे दुर्लक्ष होतं आणि मग 'नवा थर्मोस्टॅट टाकल्यावर गाडी जास्तच तापते' अशी बोंब होते. पुढची चाकं किंचित चढावर येतील अशी गाडी उभी करा. डॅशबोर्डवरचा हीटरचा नॉब पूर्ण लाल बाजूला. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर तो ढिला करून, पाणी सलग येईपर्यंत थांबायचं. झाकण उघडं ठेवूनच गार इंजिन चालू करायचं, पातळी बसेल तसं भरत जायचं, आणि इंजिन पुरतं तापायच्या आत झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी गार असताना पुन्हा पातळी बघायची; ती थोडी उतरलेलीच असते.

झाकणाचा विषय निघालाच आहे तर तेही बदलून टाका. रेडिएटरच्या कॅपला लोक नुसतं बूच समजतात. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब आहे. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटर उंचीवर ९५-९६ लाच. पण १.१ बारचा दाब धरला तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग मेली, की हा दाब राहत नाही आणि घाटाच्या माथ्याला पाणी अगदी नको तेव्हा उकळतं. कॅपमध्ये दुसरी छोटी झडप असते, गार होताना रेडिएटरशेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतलं कूलंट परत आत ओढून घेणारी. ती अडकली की इंजिन गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसतो. सकाळी बॉनेट उघडून होजकडे नजर टाका, लगेच कळेल. आणि पातळी नुसत्या बाटलीत बघू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, हे दृश्य रोजचं आहे.

आता नाकाशी येऊ. इथे जरा जास्त वेळ देतो, कारण तुमचं काम इथेच होईल असं मला वाटतं.

इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर फुल. बहुतेक गाड्यांत एसी लावताच फॅन फिरायला हवा. दोन फॅन असतील तर किमान कंडेन्सरचा तरी. एकच असेल तर तो हळू आणि जोरात अशा दोन वेगांचा असतो. वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि ग्रिलसमोर धरा. पान ओढलं जाऊन जाळीला चिकटून बसलं पाहिजे. चिकटलं, पण हात लावला तर लगेच सुटतं, तर ओढ कमी आहे. उलट बाहेर ढकललं जात असेल तर कुणीतरी फॅनची मोटर बदलताना दोन वायर उलट्या जोडल्यात. हसू नका, असं होतं. फॅन फिरताना दिसतो म्हणून कुणी पुढे बघत नाही, आणि तो बिचारा इंजिनची गरम हवा पुढे फेकत असतो.

फॅन फिरतो यावर समाधान मानायचं नाही, पुरेशा जोरात फिरतो का ते बघायचं. दहा-बारा वर्षांच्या मोटरचे ब्रश झिजलेले असतात. गार असताना बरी फिरते, स्वतः तापली की मंदावते, कधी अडकते आणि काठीने टिचकी मारली की पुन्हा सुरू होते. मल्टिमीटर असेल तर फॅन चालू असताना बॅटरीवर आणि फॅनच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ च्या आसपास असेल आणि फॅनवर ११-१२ च मिळत असेल, तर मधले दोन-तीन व्होल्ट रिले, कनेक्टर किंवा अर्थिंग खातंय. कनेक्टर सोडवून आत डोकावा. प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, पिन काळी झालेली दिसली तर चोर सापडला. ही दुरुस्ती इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करतो.

फॅन एसीला लागतो, पण इंजिन तापल्यावर आपणहून लागत नाही, असंही असू शकतं. त्यासाठी एसी बंद ठेवून गाडी उभी चालू ठेवा आणि काट्यावर लक्ष ठेवा. साधारण ९५-१०० अंशांना फॅन लागून थोड्या वेळाने बंद व्हायला हवा. नाही लागला तर कूलंट टेम्परेचर सेन्सरचा प्लग काढून बघा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सर तुटला असं समजून ईसीएम सुरक्षेसाठी फॅन थेट चालू करतो. प्लग काढल्यावर फॅन लागला तर मोटर, रिले, वायरिंग ठीक, शंका सेन्सरवर. चेक इंजिनचा दिवा लागेल, त्याची चिंता नको.

मग कचरा. कंडेन्सर पुढे, रेडिएटर मागे, मध्ये दोन-तीन बोटांची फट. पुढून टॉर्च मारली तर कंडेन्सर लखलखीत दिसतो, कारण दर सर्व्हिसिंगला त्याच्यावर पाणी मारलेलं असतं. त्या पाण्याने धूळ, किडे, उसाचं पाचट, झाडाचा कापूस हे सगळं मागच्या फटीत नेऊन रेडिएटरच्या तोंडावर थापलेलं असतं. तिथे सुका लगदा तयार होतो आणि तो कुठूनच दिसत नाही. वरचे दोन बोल्ट काढून रेडिएटर किंचित मागे झुकवला की दिसतो. फॅनचा सांगाडा काढून, इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या पाइपच्या पाण्याने धुवायचं. प्रेशर वॉशर जवळ नेला तर नाजूक पापुद्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद. आधी मऊ ब्रश, थोडं साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी. पुढचा बंपर कधी ठोकरून दुरुस्त केला असेल तर रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या आणि प्लॅस्टिकचे आडोसे परत बसवले आहेत का बघा. ते नसले तर उभ्या गाडीत मागची गरम हवा कडेने फिरून पुन्हा पुढून आत शिरते. या फालतू वाटणाऱ्या पट्ट्यांनी नाक्यावरच्या एसीत फरक पडतो.

आता ज्या टेस्टसाठी मी हे सगळं लिहितोय ती. नाक्यावर कोमट होतो तशी अवस्था घरासमोर आणा: दुपारी, गाडी उभी, एसी चालू, डॅशबोर्डवरच्या मधल्या एसीच्या जाळीत थर्मामीटर खोचलेला. हवा कोमट झाली की दुसऱ्याला सांगून पुढच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर बादलीने हळूहळू पाणी सोडायला लावा. मिनिटा-दोन मिनिटांत आतली हवा सरसर थंड झाली तर कॉम्प्रेसर आपलं काम करतोय, त्याला वाचवा. कंडेन्सरमधून उष्णता बाहेर पडत नाहीये एवढंच. पाणी ओतूनही काही फरक पडला नाही, तर कॉम्प्रेसर, गॅस आणि आतला फ्लॅप (गरम-गार हवा ठरवणारी झडप) यांच्याकडे वळायचं. एक बादली पाण्यात कॉम्प्रेसरच्या बिलाचा निकाल लागतो.

गॅसबद्दल. गॅस संपत नाही. घरातल्या फ्रिजमध्ये तुम्ही दर उन्हाळ्यात गॅस भरता का? गाडीत रबरी होज आणि फिरणाऱ्या शाफ्टचं सील असतं, त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडा कमी होतो हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळतीच आहे आणि ती शोधल्याशिवाय पुन्हा भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. शब्दशः, कारण एसीतला आर-१३४ए हा वायू ओझोनला धक्का लावत नसला तरी हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीने पुढे आहे. गळती शोधायला नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावतात, किंवा आत यूव्ही रंग सोडून नंतर दिव्याने बघतात. गळतीची नेहमीची ठिकाणं: कंडेन्सरला बसलेला दगड, पाइपच्या जोडावरच्या ओ-रिंग, कॉम्प्रेसरचं पुढचं सील, आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल. जिथून गॅस जातो तिथून थोडं ऑइलही जातं, म्हणून जोडावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तिथे आधी बघा. गळती बंद करणारं केमिकल कुणी आत टाकू म्हटलं तर नको म्हणा. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅस बारीक वाटेने कूलिंग कॉइलमध्ये सोडणाऱ्या झडपेत) जाऊन बसतं आणि पुढच्या मेकॅनिकचं मशीनही खराब करतं.

तुमच्या बाबतीत मला उलटीही शंका आहे: गॅस जास्त झालाय. हॅचबॅकमध्ये एकूण गॅस असतो साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. दोन वर्षं 'गेज बघून' वरून भरलेला गॅस शंभरएक ग्रॅम जास्त झाला, तर छोट्या गाडीत तो पाचवा हिस्सा जास्त झाला. हायवेला वारा असल्याने खपून जातं. नाक्यावर दाब चढत जातो, कंडेन्सर भट्टी होतो, त्याच्या मागचा रेडिएटर तीच गरम हवा घेतो, आणि दाब ४००-४५० पीएसआयच्या घरात गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे आत कोमट हवा आणि समोर चढलेला काटा. तुमचंच वर्णन.

म्हणून एसीवाल्याकडे गेलात की गेज लावायला सांगा आणि आकडे स्वतः बघा. गाडी बंद, गार असताना दोन्ही काटे सारखे असतात आणि बाहेर ३० अंश असेल तर १०० पीएसआयच्या जरा खाली. हा दाब फक्त तापमानावर ठरतो, सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस असला तरी. त्यामुळे गाडी बंद असताना 'प्रेशर बरोबर आहे' म्हणजे गॅस पुरेसा आहे, असं होत नाही. इंजिन १५०० आरपीएमवर, एसी फुल, बाहेर ३५ अंश, तेव्हा खालची, म्हणजे कमी दाबाची बाजू ३० ते ४० आणि वरची, म्हणजे जास्त दाबाची २०० ते २४० च्या आसपास असावी. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त, किंवा आत हवा, किंवा कंडेन्सरला वारा नाही; कंडेन्सरवर पाणी सोडून वरचा आकडा धडाधड उतरला तर वाऱ्याचंच दुखणं. खालची बाजू चढलेली आणि वरची पडलेली, रेस करूनही दोघं जवळजवळच राहतात, तर कॉम्प्रेसर खरंच गेला. खालची बाजू शून्याकडे आणि वरचीही कमी, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबलाय किंवा आत ओल राहून बर्फ धरतोय. कॉम्प्रेसर बदला म्हणणाऱ्याने यातलं तिसरं चित्र तुम्हाला दाखवायला हवं. दाखवलं नसेल तर मागा.

आकडे जास्त निघाले तर गॅस थोडा 'फुस' करून सोडायला सांगू नका. सगळा मशीनने काढून घ्यायचा, किमान अर्धा तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून काटा धरून राहतो का बघायचं, आणि स्टिकरवरच्या आकड्याइतका तोलून भरायचा. सिलिंडरवर आर-१३४ए लिहिलंय का हेही वाचा. स्वस्तातली ज्वालाग्राही मिश्रणंही गाड्यांत भरली जातात, आणि ती डॅशबोर्डमागच्या कॉइलमधून गळली तर थेट केबिनमध्ये येतात.

एक दुखणं मात्र याच लक्षणांचं सोंग घेतं: कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे फिरत्या पुलीला कॉम्प्रेसर जोडणारा चुंबकी भाग. नाक्यावर कोमट झाल्यावर बॉनेट उघडून बघा, पुलीचं पुढचं ताट फिरतंय की नुसती पुली? ताट थांबलेलं, पण क्लचच्या वायरला १२ व्होल्ट येतायत, तर क्लचमधली फट झिजून वाढली आहे. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी. कॉइल तापली की तिची ओढ कमी होते आणि मोठी फट तिला पार करता येत नाही. ताटामागची एक पातळ चकती काढली की बऱ्याचदा काम होतं. यासाठीही लोक अख्खा कॉम्प्रेसर बदलतात.

आणि आतला फ्लॅप. या गाड्यांत हीटरच्या कॉइलमधून गरम पाणी बहुधा बाराही महिने फिरत असतं. गरम-गार ठरवतो तो फ्लॅप, नॉबच्या केबलवर. केबलची क्लिप सरकली की फ्लॅप पूर्ण बंद होत नाही आणि थंड हवेत गरम मिसळत राहते. फुटवेलमध्ये वाकून, दुसऱ्याला नॉब फिरवायला सांगून बघा, शेवटपर्यंत जातो का. ब्लोअर फक्त चारवर चालत असेल तर रेझिस्टर जळालाय. वाराच कमी असेल तर कूलिंग कॉइल धुळीने बुजली असेल; त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत केबिन फिल्टर कंपनीकडून यायचाच नाही. जागा असेल तर कॉइल साफ करून फिल्टर टाकून घ्या.

थर्मोस्टॅट बसवल्यावरही हीटर गार राहिला, तर इंजिनकडून आत जाणाऱ्या दोन होजना हात लावा. दोन्ही चटका देणारे गरम, तर फ्लॅप. एक गरम आणि एक गार, तर हीटरची कॉइल तुंबली आहे किंवा तिच्यात हवा अडकली आहे. केबिनमध्ये गोडसर वास, आतून काचेवर चिकट थर, शेजारच्या सीटखाली ओलं कार्पेट, ही कॉइल फुटल्याची खूण. वास नसलेलं साधं पाणी असेल तर एसीच्या पाण्याचा ड्रेन पाइप तुंबलाय, तारेने मोकळा होतो.

कूलंट भरताना बोअरचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार नळ्यांत थर धरतात आणि जुन्या गाडीचा रेडिएटर आतून मरतो तो बहुतेक यानेच. कूलंटचा रंग बघून घेऊ नका, रंगाला काही प्रमाण नाही. मॅन्युअलमधला प्रकार बघा आणि पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड. नुसतं पाणी उष्णता जास्त चांगली नेतं असं कुणी म्हणेल, ते खरंही आहे, पण अॅल्युमिनियमचं हेड आणि पंपाची पाती त्याने खाल्ली जातात.

हे होईपर्यंत घाट चढायची वेळ आलीच तर एसी बंद ठेवा आणि गिअर खालचा ठेवा, म्हणजे पंप जोरात फिरेल. काटा पाऊणला पोचला तर हीटर फुल आणि काचा खाली. थर्मोस्टॅट नसतानाही त्या वेळी तो गरमच येईल. तरी चढला तर बाजूला घ्या. वाफ नसेल, पाणी गेलेलं नसेल, तर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून फॅनला काम करू द्या. वाफ असेल तर लगेच बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, आणि तापलेल्या ब्लॉकवर बाटलीने पाणी ओतायचं नाही, हेड वाकतं.

रेडिएटरचा निर्णय यानंतर. ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणी प्लगला) ब्लूटूथचं स्वस्त यंत्र लावून मोबाइलवर खरं तापमान बघा. डॅशबोर्डचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम आळशी केलेला असतो, ७५ ते १०५ पर्यंत मधेच बसून राहतो, आणि हलतो तोवर उशीर झालेला असतो. थर्मोस्टॅट, कॅप, सफाई, फॅन एवढं झाल्यावर एसी लावून घाट चढा. इंजिन गरम असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या जाळीवर काळ्या टेपचे तुकडे लावून त्यांवर रीडिंग घ्या, उघडं चकचकीत अॅल्युमिनियम खोटं रीडिंग देतं. एखादा पट्टा शेजाऱ्यापेक्षा बराच गार निघाला तर तिथल्या नळ्या बुजल्यात, मग बदला. प्लॅस्टिक टाकीचा रेडिएटर जुन्या पितळी रेडिएटरसारखा उघडून सळईने साफ होत नाही, आणि जोरदार अ‍ॅसिडने धुतला तर गळायला लागतो. नवा घेताना जुन्याशेजारी धरून जाळीची जाडी बघा. बाजारातले काही पातळ असतात.

बादलीच्या टेस्टचा निकाल, गेजचे दोन आकडे आणि घाटमाथ्यावरचं ओबीडीवरचं तापमान, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.